केसरच्या डाव्या हातातल्या बांगड्या

पौषातला उत्तरेचा वारा सुटला की मांडव्याच्या खालच्या अंगाच्या कोळीवाड्यात कुणी कुणाशी धड बोलत नाही. सवडच नसते. वारा कोरडा, ऊन कोवळं, आभाळ घासून ठेवल्यासारखं. असल्या हवेत बोंबील खडखडीत वाळतो, आणि असली हवा कधी पाठ फिरवील याचा नेम नसतो. म्हणून बायका उजाडायच्या आत वलांडीवर हजर. बांबू रोवून त्यांवर दोऱ्या ताणायच्या, ती वलांडी. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. दिवसभर तेच. बोटं सोलवटतात.

केसर हे काम शिव्या देत करायची. बोंबलांना, कावळ्यांना, दोरी सैल बांधणाऱ्याला, आणि कुणीच सापडलं नाही तर वाऱ्याला. तिच्या तोंडाला कुणी नवं नव्हतं. एकदा अलिबागच्या बाजारात एका दलालानं तिच्या पाटीतला सरंगा बोटानं दाबून "शिळा आहे" म्हटलं. तिनं तोच सरंगा त्याच्या कोटाच्या खिशात कोंबला आणि म्हणाली, "घरी ने. बायकोला शिजवाला लाव आनि मंग येऊन सांग." दलाल पुन्हा कधी तिच्या पाटीपाशी थांबला नाही. वाड्यातली माणसं म्हणत, केसर गप्प असली तर समजावं, ताप आलाय.

त्या सकाळी ती भागुबाईच्या शेजारच्या दोरीवर होती. भागुबाई विधवा. वयानं मोठी, हातानं चलाख, बोलायला कमी. आणि समोर, दर्यापलीकडं, मुंबई धुरकट दिसत होती.

सन चौतीस-पस्तीसची ही गोष्ट. मुंबई रोज दिसायची, पण वाड्यातल्या फार थोड्या बायकांनी पाहिली होती. रात्री तिथं दिव्यांची माळ लागे. केसर लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याला म्हणाली होती, "मला येकदा त्या दिव्यांत फिरवाल काय?" होडीचा म्होरक्या अंबाजी तांडेल हसला होता. मासेमारीच्या होडीत बाईनं पाय ठेवायचा नाही असा वाड्याचा रिवाज. त्यामुळं अंबाजी ताजी मासळी घेऊन मुंबईच्या धक्क्यावर जाई, तिथंच होडीत निजे आणि परत येई, केसर किनाऱ्यावर. उतारूंचा पडाव होता, पण त्यानं न्यायला अंबाजीला सवड कधी सापडली नाही. काही वर्षं ती पुन्हा पुन्हा म्हणाली. मग म्हणायची थांबली. मग दिवे दिसतात त्या अंगाचं दार संध्याकाळी लावून घ्यायला लागली.

अंबाजीची होडी आदल्या दिवशी मुंबईला गेली होती. आज यायची. आली ती दुसऱ्याची, आणि तिच्यातून उतरला अंबाजीचा खलाशी सदा. मिशीवाला बाप्या माणूस. पण वलांडीपासून हातभर लांबच थांबला. डोक्याचा रुमाल सोडून त्यानं तोंडावर धरला होता. मान खाली.

"केसरवैनी," तो रुमालातून म्हणाला, "तांडेलाला बरं न्हाय. धक्क्यावं हाय. तुला बोलावलंय. आबदुसमद नाखवाचा पडाव आता सुटल, त्येच्यातून ये."

केसरच्या हातातला बोंबील हातातच राहिला.

"काय झायलंय?"

"तसं काय न्हाय. बरं न्हाय."

"काय खातोय?"

सदाचे खांदे हलले. "पेज," तो म्हणाला. "थोरी पेज खाल्लीन." आणि वळून जवळजवळ पळतच गेला.

सगळ्या दोऱ्यांवरचे हात थांबले.

दर्यावर कुणी खरंच आजारी पडलं तर त्याला होडीत घालून घरी आणतात. ज्याला आणण्यात आता काही अर्थ उरला नाही, त्याच्यासाठी बायकोला बोलावतात. कोळीवाड्यात मेला हा शब्द कुणी कुणाच्या बायकोला तोंडावर सांगत नाही. "बरं न्हाय, ये," एवढंच. ऐकणारी सगळी समजतात. जिला सांगितलं ती कधी समजते, कधी समजून घेत नाही.

भागुबाईनं समजून घेतलं नव्हतं. काही वर्षांमागं तिच्या नवऱ्याचा, धर्माचा, असाच सांगावा आला होता. तिनंही विचारलं होतं, काय खातोय. सांगणारा म्हणाला होता, पेज. तेव्हा तिनं चूल पेटवली, जाडा तांदूळ रटरट शिजवला, मडक्याला फडकं गुंडाळलं आणि पडावात ते मांडीवर धरून मुंबई गाठली. धक्क्यावर तिला सांगितलं, आत्ताच गेला गो, थोडक्यात चुकामूक झाली. त्या दिवसापासून तिच्या चुलीवर पेज चढली नाही. कोकणातलं घर आणि पेज नाही.

तीच भागुबाई आता हातातली पाटी टाकून केसरच्या अंगाशी आली आणि तिनं तिचा दंड धरला.

"पेज-बीज शिजवत बसू नको गो. तांदूल जाडा, वेल लागतो. हाय तशी पल. तू पोचशील. मी न्हाय पोचले, पन तू पोचशील."

बाकीच्या बायका खाली बघत राहिल्या. केसरनं तिच्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही. खरंच काही बोलली नाही. म्हणून सगळ्या जास्त घाबरल्या.

पडावात तिला नाळेजवळ, पुढच्या टोकाशी जागा मिळाली. आबदुसमद नाखवा मांडव्याचाच, दाढी पिकलेला, शिडाच्या दोरीशी बसलेला. भाजीच्या टोपल्या, लाकडाच्या मोळ्या आणि माणसं रोज त्या काठावर नेणारा. सदाचा सांगावा त्याच्याही कानावर आला होता. त्यानं केसरकडून उताराचं भाडं घेतलं नाही. नुसतं म्हणाला, "बैस बेटी. अल्ला मालिक है." त्या बोलण्यानंच तिची उरलेली शंका गेली.

कोळणीच्या लग्नात तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून दर्याला देतात. दर्यानं त्या घ्यायच्या आणि नवऱ्याला सांभाळायचं, असा तो करार. उजवा हात मग जन्मभर मोकळा. डाव्या हातात हिरवा चुडा, तो नवऱ्याच्या नावाचा. केसर उजव्या मोकळ्या हातानं डावं मनगट गच्च आवळून बसली होती. बांगड्या वाजू देत नव्हती.

मध्यावर गेल्यावर तिनं तोंड उघडलं. रडली नाही. दर्याशी भांडायला लागली.

"खाल्ल्यास ना माज्या बांगड्या? गिलल्यास ना? मंग? तुला काय कमी पडलं व्हतं? दर साली नारल देतो तुला. सोन्याचा म्हनून देतो. लाज न्हाय वाटत? दुसऱ्या कुनाचा न्हाय सापडला?"

भाजीवाल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. नाखवा समोर बघत सुकाणूवर बसलेल्या माणसाला उगाच सूचना देत राहिला. केसरचा आवाज शिडाला लागून परत येत होता. त्या सगळ्या वाटेत तिनं दर्याचा बाप काढला, आई काढली, आणि शेवटी घसा बसला तेव्हा पाण्यावर थुंकली.

तिकडं धक्क्यावर अंबाजी तांडेल नवी लाल टोपी घालून उभा होता.

अंगात नवा सदरा. केसांना तेल. हातात कर्दळीच्या पानात बांधलेला गजरा. नारळी पुनवेपासून तो हा बेत शिजवत होता. मुंबईला बारा महिने येऊनही अंबाजीला मुंबई ठाऊक नव्हती. धक्का, मासळीचा लिलाव, चहाची टपरी, संपली मुंबई. शहर माहीत होतं ते दयारामला. दयाराम बर्फाच्या गुजराती व्यापाऱ्याचा मेहता, गोरा, लठ्ठ, बोलघेवडा. अंबाजीनं त्याला लाजत लाजत विचारलं होतं, घरधनिनीला सुखाचं असं काय दाखवावं? दयारामनं सगळं बोटांवर सांगितलं. "पहेला ट्राम. पछी इराणीकडे चा ने मस्का-पाव. पछी बोलपट. पडद्यावरचा माणस बोले छे, गाय छे, बैरी मंडळी तर रडून रडून खुश थई जाय."

मग दर खेपेला अंबाजी दयारामबरोबर थोडा थोडा पुढं जाऊन वाट बघून आला. दर्यावर होडी कुठं आहे हे कळायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतात, देवळाचा कळस आणि त्यामागचा डोंगराचा सुळका, तसं. अंबाजीनं मुंबईही तशीच धरली. घोड्यांना पाणी पाजायचा हौद आणि त्यामागं गिरणीचं धुराडं एका ओळीत आलं की उजवीकडं. इराण्याचं दार आणि निळी खिडकी ओळीत आली की थेटर. एवढी तयारी त्यानं होडीच्या शिडासाठीही कधी केली नव्हती.

राहिलं एकच. केसरला आणायचं कसं. पौषात ती बोंबील सोडून येणार नाही. खरं सांगितलं तर म्हणेल, हंगाम सरू दे. आणि खरं सांगितलं तर मौज कसली? म्हणून त्यानं सदाला म्हटलं, "मला बरं न्हाय म्हनून सांग. आजारी म्हटल्यावं येलच. पन हसू नको हां मेल्या." सदाला हसू आवरेना, म्हणून त्यानं रुमाल तोंडावर धरला होता.

पडाव लागला. फळी टाकली. अंबाजीनं दोन्ही हात वर केले.

"आयली! आयली गो केसर!"

केसरनं आधी त्याचे पाय बघितले. पाय सरळ होते. टाचा मागं, बोटं पुढं. भूत नव्हतं.

मग तोंड बघितलं. ते हसत होतं. मग टोपी. मग गजरा.

"अंबाजी!" ती ओरडली.

धक्क्यावरचे हमाल वळले. वाड्यातली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. केसर तर आजवर 'तांडेल' आणि 'तुमी' याच्या पलीकडं गेली नव्हती. अंबाजीचं हसू अर्ध्यावर थांबलं. तोवर ती फळीवरून उतरली होती आणि तिचा डावा हात बांगड्यांसकट त्याच्या कपाळावर बसला होता. सगळा चुडा एका आवाजात फुटला. काचा खाली दगडावर नाचल्या. त्याच्या भुवईवर रक्त आलं, तिच्या मनगटावरही.

"अगो, बांगड्या!" अंबाजी कपाळ विसरून तिच्या हाताकडं बघत राहिला. उजवा रिकामा, डावा रिकामा.

"फुटल्या," केसर म्हणाली. "कुनाच्या नावाच्या व्हत्या? तो मेला. पेज खाऊन मेला. सदानं सांगितलं मला."

"मी जिता हाय गो!"

"तुला कुनी इचारलं?"

शेजारी उभा असलेला दयाराम मध्ये पडला. "अरे बेन, जरा शांती राखो, लोक बघे छे."

"तू कोन रं? तुजी बायको हाय घरी? तिला उद्या कुनी सांगितलं, तुजा दादला बर्फाखाली गेला, मंग येतंय मी शांती राखाला!"

दयाराम मागं सरला आणि लिलावाच्या गर्दीत दिसेनासा झाला. आबदुसमद नाखवा फळीच्या टोकाशी उभा होता. त्यानं अंबाजीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तांडेल," तो म्हणाला, "ऐसा मजाक नको करायचा. ही बाई दर्याला काय काय बोलली, तू ऐकलं असतंस तर स्वतः जाऊन पाण्यात पडला असतास."

अंबाजी गजरा दोन्ही हातांत धरून सांगायला लागला. दिवे, ट्राम, बोलपट. "तुला दाखवाचं व्हतं गो. खरं सांगितलं तर तू बोंबील सोडून आयली असतीस?"

नसती आली. हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला जास्तच राग आला.

"आजारी मानसाला होडीत घालून घरी आनतात. बायकोला कवा बोलावतात ते वाड्यातल्या कुत्र्याला ठाव हाय. तुला न्हाय?"

"माज्या टकुऱ्यात न्हाय आयलं."

"येल कसं? सांगावा तू नेतोस. तुला कुनी आनून देत न्हाय. उंबऱ्यावं उभं ऱ्हायचं, दोन शब्द टाकाचे, पाठ फिरवून पलायचं. मागं काय व्हतं ते बघाला कवा थांबलास?"

परतीचा पडाव दुसऱ्या दिवशीच्या भरतीला. तोवर जायचं कुठं? माझगावच्या कोळीवाड्यात अंबाजीची मावशी होती. रात्रीचा आसरा तिच्याकडं ठरला होता. पण रात्र व्हायला वेळ होता. केसर म्हणाली, "चल. दाखव तुजी मुंबई. मेलेल्या मानसानं येवढा खटाटोप केलाय तर बघूया."

ट्राममध्ये ती खिडकीशी बसली आणि हात पदराखाली घेतले. समोरच्या बाकावरची बाई तिचं कुंकू बघे, मग पदराखालचा हात शोधे. केसरनं शेवटी दोन्ही मनगटं बाहेर काढून तिच्यासमोर धरली. "बघ. नीट बघ. दादला बाजूला बसलाय, गजरा घेऊन." ती बाई पुढच्या थांब्यावर उतरली.

हौद आणि धुराडं ओळीत आलं. अंबाजीनं तिला उतरवलं. इराण्याकडं मस्का-पाव तिनं सगळा खाल्ला, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं, पण रागानं चावून खाल्ला आणि म्हणाली, "पाव कडक हाय." चहा बशीत ओतून फुंकला. अंबाजीनं आपली बशी पुढं केली, तीही प्यायली. तोंड उघडलं ते फक्त "आनखी" म्हणायला.

निळी खिडकीही सापडली. थेटरात दिवे गेले, पडदा उजळला, आणि पडद्यावरचा राजा खरंच बोलायला लागला. आजूबाजूची माणसं टाळ्या वाजवत होती. अंबाजी अंधारात पडद्याकडं न बघता केसरच्या तोंडाकडं बघत होता. थोडा वेळ तिचं तोंड उघडं राहिलं. त्याला वाटलं, जमलं. मग राजा लढाईत पडला. दासी राणीकडं आली, मान खाली घालून म्हणाली, महाराजांची प्रकृती बरी नाही. राणीनं कपाळाला हात लावला आणि सुरात गायला लागली.

"गाते काय मेली!" केसर मोठ्यानं म्हणाली. "केस बघ, तेल लावून बसवलेले. घसा बघ, जरा बसला न्हाय. हातातल्या बांगड्या तरी बघ आधी, हायत का फुटल्या!"

"ओ बाई, गप बसा," मागून कुणी म्हणालं.

"तूच गप! तुला काय ठाव? असं न्हाय व्हत! गानं न्हाय सुचत, समजलास? शिव्या सुचतात!"

बॅटरी घेऊन माणूस आला. तो येऊन काही बोलायच्या आत केसर उठली होती. अंबाजी लोकांच्या गुडघ्यांतून तिच्या मागं. राणी गातच राहिली.

बाहेर आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आणि अंबाजीच्या सगळ्या खुणा बुडाल्या. धुराडं काळोखात गेलं, निळी खिडकी पिवळी झाली, दुकानांच्या पाट्या पेटल्या. ज्यानं वादळात होडी घरी आणली होती तो तांडेल एका कोपऱ्यावर उभा राहून तीनही रस्त्यांकडं बघत राहिला.

"चुकलास?" केसर म्हणाली.

"थांब गो. वारा कुठनं येतोय बघू दे."

"वाऱ्यावं मुंबई फिरतोय हा!"

तीच पुढं झाली. पाटी घेऊन घरी चाललेली एक कोळीण तिला दिसली. तिला हाक मारली, "गो बाय, धक्क्याकडं कसं जायाचं?" त्या बाईनं सांगितलं आणि जाता जाता केसरच्या मनगटाकडं बघून हळूच विचारलं, "कवा गो?" केसर म्हणाली, "आज सकाली. ह्यो बघ, मागनं येतोय." ती बाई पाटी सावरत भराभर निघून गेली.

रस्ता उतरला तो पाण्यावरच. धक्का लांब होता, पण दर्या समोर होता. मागं मुंबईचे सगळे दिवे, रोज घरून दिसत ते. केसर त्यांच्यात उभी होती आणि त्यांच्याकडं पाठ करून समोर बघत होती. समोर काहीच दिसत नव्हतं.

"आपला वाडा कुठं?"

"तो काय. त्या कालोखात."

ती बराच वेळ बघत राहिली. मग वळली. आता आवाज चढलेला नव्हता, आणि अंबाजीला तेच नको होतं.

"धर्माचा सांगावा भागुबायला कुनी आनला व्हता?"

अंबाजीनं गजऱ्याचं पान एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"मी."

"तू सांगाला आयलास तवा धर्मा जिता व्हता?"

"आता ते कशाला उकरून..."

"जिता व्हता काय रं?"

"डोलकाठी टकुऱ्यात बसली. जागच्या जागी गेला. आदल्या भरतीलाच." तो घाईनं म्हणाला. "सगलेच असं सांगतात गो. आमच्या आज्यापासून. बायकांना येकदम धक्का नको म्हनून..."

"आनि धक्क्यावं? आत्ताच गेला म्हनून तिला सांगितलं ते?"

"तिच्या हातात मडकं व्हतं. गरम. काय सांगाचं व्हतं?"

"ती समजते, पेज शिजवत बसले म्हनून उशीर झायला." केसरचे दात एकमेकांवर घासले. "आज मला सांगत व्हती, तू पोचशील. इतकी वरसं तिच्या घरात पेज न्हाय शिजली. मीबी मेलीनं कवा इचारलं न्हाय. पन तुला ठाव व्हतं. रोज तिच्या दारावरनं जातोस."

अंबाजीनं तिच्या रिकाम्या मनगटांकडं बघितलं.

तो म्हणाला, "चल, कासाराकडं जाऊ. रिकाम्या हातानं वाड्यात जाऊ नको. माजा जीव व्हतो खालवर."

"बांगड्या मी भरीन," केसर म्हणाली, "तू भागुबायच्या दारात उभा ऱ्हाऊन खरं सांगशील तवा. सगल्या बायकांसमोर. तवर माजा दादला जिता हाय असं मी कुनाला सांगनार न्हाय."

"मी तांडेल हाय गो. चार मानसं माजं ऐकतात. बाप्ये काय म्हनतील?"

"मंग ऱ्हा मेलेला."

त्यानं तरीही बांगड्या घेतल्या. वाटेत कासाराच्या दुकानात शिरून हिरव्या काचेचा चुडा कागदात बांधून सदऱ्याच्या आत ठेवला. केसर दुकानाबाहेर पाठ करून उभी होती. मावशीकडं ती भिंतीकडं तोंड करून निजली. सकाळी पडावात ती नाळेजवळ, तो शेवटाकडं. आबदुसमद नाखवानं दोघांकडं बघितलं आणि शीड ओढलं.

किनाऱ्यावर वाडा जमला होता. म्हाताऱ्या बायका वाळूत बसून होत्या, रडायची तयारी करून. पडावातून अंबाजी दिसला तेव्हा एकीनं किंकाळी फोडली, दुसरी हसली, आणि कुणीतरी सदाला शोधायला धावलं. सदा तोवर खारफुटीत पळाला होता. मग बायकांना केसरचे हात दिसले आणि हसू थांबलं. नवरा जिता, हात रिकामे.

"काय झायलं गो?"

केसर पाण्यातून चालत वर आली आणि भागुबाईच्या दारासमोर उभी राहिली. आणि तिनं वळून नवऱ्याकडं बघितलं.

अंबाजी पाण्यातच उभा होता. घोट्यापर्यंत. होड्यांवरचे बाप्ये बघत होते. तो उलट्या अंगाला, आपल्या घराकडं जाऊ शकत होता; दोन पावलं गेलाही. केसर हलली नाही. डावा रिकामा हात तिनं दाराच्या चौकटीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

तो आला. टोपी काढली. भागुबाई दारात आली, हाताला बोंबलाचा चिकटा लागलेला.

"भागुबाय," तो म्हणाला आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली. "धर्मा पेज खात नव्हता. मी तुला सांगाला आयलो, त्येच्या आधीच तो गेला व्हता. आदल्या भरतीला. मला ठाव व्हतं. धक्क्यावंबी खोटंच सांगितलं."

भागुबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिचे ओठ हलले, हिशेब लावावा तसे.

"म्हंजे मी तांदूल धुतला तवा..."

"तवा तो नव्हता."

"आनि मडकं घेऊन बसले तवा..."

"नव्हता, भागुबाय."

"मंग मी उशीर न्हाय केला?"

"न्हाय."

वाटलं, ती रडेल. ती आत गेली, आणि बाहेर आली ती चुलीतलं अर्धवट जळलेलं लाकूड घेऊन.

"मेल्या!" भागुबाई, जिचा आवाज शेजारच्या दोरीवरही जात नसे, ती ओरडली. "तुजं तोंड जलो! इतकी वरसं मी माज्या हातांना शिव्या घातल्या! रोज! चूल बघितली की शिव्या घातल्या! तू दारावरनं जातोस, बरी हायस काय इचारतोस, आनि मी म्हनते बरी हाय!"

लाकूड अंबाजीच्या खांद्याला लागून वाळूत पडलं. त्यानं हात वर केला नाही. भागुबाई धापा टाकत उभी राहिली.

"पुढं कुनाचा सांगावा आनलास," ती म्हणाली, "तर जो मेला तो मेला म्हनून सांगशील. न्हायतर आनू नको. आता जा माज्या दारातनं."

"सांगीन," अंबाजी म्हणाला.

तो मागं सरला. मग त्याला आठवलं. सदऱ्यात हात घालून कागद काढला आणि केसरपुढं धरला. मान खालीच होती.

केसरनं कागद फाडला. "ह्ये काय माप? पोरीच्या हाताचं आनलंय. बायकोचा हात कवा बघितला न्हायस?" बोंबलाच्या ओशट हातांनी भागुबाईनंच मनगट चोळून दिलं. विधवेच्या हातानं चुडा नको, असं म्हणायला एका म्हातारीनं तोंड उघडलं. केसरनं तिच्याकडं नुसतं बघितलं. बांगड्या अंगठ्याशी अडल्या, केसरनं दात आवळून रेटल्या. एक तडकली. बाकीच्या चढल्या.

"आज रातीला मी पेज टाकीन," भागुबाई मध्येच म्हणाली, कुणालाच नाही. आणि आत गेली.

केसर वलांडीकडं वळली आणि तिचा आवाज पुन्हा चढला.

"माजे बोंबील कुनी उलटले न्हाईत? कुनी म्हनजे कुनी न्हाय? राती दव पडलं, सगलं लिबलिबलं! मेला माजा दादला व्हता की बोंबील? रडाला बसायला सगल्या आयल्यात, दोन हात लावाला येकीला सुचलं न्हाय!"

बायका पदर खोचत दोऱ्यांकडं पळाल्या. अंबाजीही आला. तिनं नुसतं दोरीचं दुसरं टोक दाखवलं. त्यानं टोपी कमरेला खोवली, ओल्या जोड्या काढल्या, झटकल्या आणि उलट्या टाकायला लागला. सुकलेला गजरा वाळूत पडला होता, त्यावर कावळा बसला. केसरनं त्याला एक शिवी हासडली, पाटीतला बोंबील उचलला आणि त्याच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला.